एकेचाळिसावं पान

मी उत्खननाची वही बोलतेय. माझ्यात पेन्सिलीनंच लिहितात. शाई पावसात पसरते.

मोहिमेचे प्रमुख प्लातोन येरमोलायेविच यांनी पहिल्याच दिवशी नियम सांगितला : टेकडीच्या वरच्या थरात सापडेल ते सगळं अलीकडचं. ते नोंदवायचं नाही, राडारोड्यात टाकायचं. का, हे विचारायचं नाही.

माझी मालकीण आग्लाया. विद्यापीठातून नुकतीच आलेली. येनिसेईकाठच्या या माळावर ती दिवसभर गुडघ्यांवर बसून माती खरवडते. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या एका सरदाराचं थडगं तिला शोधायचं होतं. माझी चाळीस पानं नुसत्या मातीच्या रंगांत गेली.

मग हातभर खोलीवर कवट्या निघाल्या. अकरा. प्रत्येकीला मागून, मानेच्या वर, गोळीचं एकच गोल भोक. सोबत रबरी बुटांचे तळ आणि पत्र्याचा एक मग.

स्वयंपाकाची फेव्रोन्या काकी लापशीचं पातेलं घेऊन आली होती. तो मग पाहून ती खालीच बसली.

"या मगाचा कान मीच तारेनं बांधला होता, पोरी. अडतीस साली गुप्त पोलिसांनी नेलं माझ्या नवऱ्याला, नाझारला. मागल्या वर्षी सरकारी कागद आला, छावणीत न्यूमोनियानं गेला म्हणून."

आग्लायानं सगळं मोजलं, चितारलं. मगाच्या चित्राशेजारी नाझारचं नाव लिहिलं. पेन्सिल इतकी दाबली की पुढच्या तीन पानांवर वळ उठले.

दुपारी तंबूत प्लातोन येरमोलायेविच आले, बरोबर दोन म्हातारे प्राध्यापक.

"उद्या तू मासळीचे रिकामे डबेही मोजशील!" त्यांतला एक म्हणाला.

दोघं हसले. प्रमुख हसले नाहीत.

"पान फाड, बाळ. 'वरचा थर रिकामा' एवढंच लिही. तुला अजून पदवी घ्यायचीय."

माझी शिवण ताणली गेली. हे पान गेलं, तर नाझार पुन्हा न्यूमोनियानं मरेल.

"यापूर्वी कुठं निघाल्या होत्या अशा कवट्या?" आग्लायानं विचारलं.

"नियम उगाच होत नाहीत," ते पुटपुटले.

"म्हणजे निघाल्या होत्या! मी पान फाडणार नाही, प्लातोन येरमोलायेविच. आणि किती टेकड्यांवर तुम्ही 'रिकामा' लिहिलंत, तेही सांगा. इथंच लिहून घेते."

तिनं माझं कोरं पान उलगडलं, पेन्सिल टेकवली.

मी वाट पाहतेय.