तिसरा साचा

ताईचा उजवा हात मनगटापर्यंत बादलीत बुडाला, आणि गुलाबी लगदा कडेपर्यंत वर चढला.

"आता हलायचं नाही हं," धाकटी म्हणाली.

"मला शिकवतेस? पावडर माझ्याच दवाखान्यातली. दिवसभर लोकांच्या तोंडात हेच कोंबून दातांचे साचे घेते मी. पाणी चुकवून दोन वेळा तूच वाट लावलीस."

"पाणी मोजून घेतलंय."

"मोजून! दूधसुद्धा मोजूनच ओतायचीस, अर्धं ओट्यावर."

सुजलेला गाल धरून बसलेली आई हसली आणि लगेच कळ येऊन कण्हली. "नको गं तिला बोलू. नोकरी टिकली नाही, नवरा टिकला नाही, हा काचकामाचा वर्ग तरी टिकू दे."

धाकटीने ऐकून घेतलं. या खेपेला तिने बादली विटांमध्ये पाचर मारून बसवली होती. लगदा घट्ट होईपर्यंत ती हात मागे बांधून उभी राहिली.

तरीही साच्यात ओतलेल्या मेणाचा हात पहिल्या दोन वेळांसारखाच निघाला. तळवा सुरेख, पण प्रत्येक नखाला दोन कडा.

काचकाम शिकवणाऱ्या बाईंनी तो भिंगाखाली धरला. "पाणी ठीक आहे. हात हलत होता. थोडाच, पण सारखा, एका लयीत. धक्का लागला तर असं दिसत नाही. कुणाचा आहे?"

"बहिणीचा."

बाईंनी भिंग खाली ठेवलं. "डॉक्टरला दाखवायला सांग तिला. आणि हे मेण वितळवून टाक."

धाकटीने मेण वितळवलं, पण त्याच्याभोवती प्लास्टर ओतून झाल्यावर. आत उरलेल्या पोकळीसाठी तिने सगळ्यात नितळ काच निवडली. भट्टी सावकाश निवू द्यावी लागते. घाई केली की बोटं तडकतात. वर्गात घाई करण्यात तिचा पहिला नंबर होता. या वेळी मात्र तिने भट्टीच्या दाराला हातही लावला नाही. काच बाहेर आल्यावर तिने नखांनाच सगळ्यात जास्त वेळ दिला. दोन्ही कडा लखलखीत दिसेपर्यंत ती घासत राहिली.

रविवारी सकाळी तिने तो हात जेवणाच्या टेबलावर, उन्हात ठेवला.

"अगंबाई!" आई म्हणाली. "एका बोटाला दोन-दोन नखं? हात आहे की भूत?"

ताईच्या ओठांवर टोमणा तयारच होता. तिने काच उचलून उजेडाकडे फिरवली. भीतीने जबडा थरथरणाऱ्या पेशंटचा साचा असाच निघतो, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती. टोमणा आला नाही. काच तिने डाव्या हाताने खाली ठेवली; उजवा मांडीवर, पदराखाली गेला.

"बादली हलली असेल," ती म्हणाली. आवाजाला धार नव्हती. ती धाकटीकडे बघत राहिली, जणू तिच्या 'हो'ची वाट पाहत होती.

"बादली विटांत होती, ताई."

"जाऊ दे गं ती बादली," आई ताईला म्हणाली. "सूज उतरू दे म्हणून किती दिवस ढकलतेस? माझी दाढ तेवढी उद्याच काढ. रात्रभर डोळ्याला डोळा नाही. आणि परक्या माणसाला मी तोंडात हात घालू देणार नाही, आधीच सांगते."

ताईने पदर हातावर आणखी ओढून घेतला.

"काढेल की," धाकटी म्हणाली. "तिच्यासारखा हात गावात कुणाचा आहे? मीपण येते. जवळ उभी राहून बघेन."

ताई तिच्याकडे झुकली. ओठ जेमतेम हलले. "हत्यार धरलं की थांबतं. खरंच थांबतं. आईसमोर नको, पाया पडते तुझ्या."

जन्मात पहिल्यांदा ताई तिच्याकडे काहीतरी मागत होती. धाकटीने ते मागणं घटकाभर तसंच राहू दिलं.

"काय थांबतं?" आईने विचारलं.

धाकटीने काचेचा हात आईच्या पुढ्यात सरकवला, नखं वर करून.

"सांग ना, ताई," ती मऊ आवाजात म्हणाली. "आई विचारतेय."