डब्यातला अननस

ईस्टरच्या सकाळी चर्चच्या तळघरात सगळ्या गावाची न्याहारी असते, आणि त्या टेबलावरचा रंगीत जेली-पाय हा थंड गोड पदार्थ चाळीस वर्षं माझ्या सासूबाईच करत आल्या. भट्टी लागत नाही, काही नाही. बिस्किटांच्या चुऱ्यावर लाल, पांढरा, हिरवा, पिवळा असे थर. एक गोठला की पुढचा ओतायचा. पण आमच्या मिनेसोटातल्या या गावात तो जेली-पाय ज्या घरचा, त्या घरच्या बाईचा शब्द चालतो. यंदा सासूबाईंचं खुब्याचं हाड मोडलं. वृद्धाश्रमातल्या पलंगावरून त्यांनी हुकूम सोडला, "दोघी मिळून करा. मग बघते पुढे कोणाकडे द्यायचं ते."

तो मान मला हवा होता. एकतीस वर्षं त्यांच्या हाताखाली राबले ती काय उगाच? दुसरी म्हणजे माझी धाकटी जाऊ, मार्लिस. मिनिआपोलिसहून लग्न होऊन आली, येताना तेवढा तोरा घेऊन आली.

शनिवारी तिच्याच स्वयंपाकघरात काम सुरू केलं.

"व्हर्ना, लाल थर अजून लिबलिबतोय. घाई केलीस तू."

"तुझा फ्रिज मेलाय, त्याला मी काय करू?"

"आणि पांढऱ्यात क्रीम जास्त झालंय."

"क्रीम तूच फेटलंस, बाई!"

दुपारभर हेच. शेवटी वरचा पिवळा थर राहिला, अननसाचा. मार्लिसने पिशवीतून अख्खा काटेरी अननस काढला.

"डब्यातला कोण खातं हल्ली?" ती म्हणाली. "तुम्हा गावाकडच्या लोकांना ताजं काही माहीतच नाही."

माझ्या अगदी तोंडाशी आलं होतं. ताजा अननस पडला की जेली काही केल्या गोठत नाही. सासूबाईंनी मला हे लग्नाच्या पहिल्याच वर्षी शिकवलं होतं. पण ते 'गावाकडचे' ऐकलं आणि मी तोंड मिटलं. घडू दे अद्दल. वर सुरीला धारही मीच लावून दिली.

दुसऱ्या दिवशी मार्लिस चर्चमध्ये आली तीच नव्या झग्यावर पिवळे डाग घेऊन. भांड्यावरचा कागद काढला तर वर नुसतं पाणी, खालचे थरही सुटलेले, आणि तळाला चुऱ्याचा लगदा. "चवीला छान असेल हं," बायका गोड आवाजात म्हणाल्या. मला मनातून आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या.

सासूबाईंनी चाकांची खुर्ची टेबलाशी आणवली. "अननस कोणी घातला?"

"मी, आई." मार्लिस रडकुंडीला आली होती. "मला खरंच माहीत नव्हतं हो. व्हर्ना समोरच उभी होती. काही चुकत असतं तर ती बोलली असती ना!"

सासूबाई माझ्याकडे वळल्या. "तुला मी सांगितलं होतं. बोलली का नाहीस?"

खरं सांगितलं तर मी दुष्ट, नाही सांगितलं तर मूर्ख. मी मूर्ख व्हायचं ठरवलं.

"विसरले, आई."

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. त्यांना सगळं कळलं होतं.

"बरं," त्या म्हणाल्या. "मग पुढच्या वर्षीपासून मार्लिस करेल. ती आता कधी विसरायची नाही."