झाडू आला की

सोफे आणि खुर्च्या दुरुस्त करणाऱ्या त्या कारखान्यात अक्का सगळ्या कारागिरांची मुख्य होती, आणि तिला न कळलेली गोष्ट जगात शिल्लक असणं तिला सहन होत नसे. सध्या अशी एकच गोष्ट शिल्लक होती. रोज सकाळच्या चहानंतर लांबू कुठे जातो?

लांबू म्हणजे बेघरांच्या निवाऱ्यातून काम शिकायला आलेला उंच माणूस. हात चांगला, टाका सरळ, तोंड बंद. पण चहा झाला की सुई फोममध्ये खोचून जो गायब व्हायचा, तो बऱ्याच वेळाने परत.

"विडी ओढत असेल," कापड कापणारा म्हणाला.

"दुसरीकडे पण नोकरी असेल," सुतार म्हणाला. "एकाच वेळी दोन पगार. हुशार आहे."

मालकांना मात्र यात गंमत दिसत नव्हती. "अक्का, शिकाऊ मुदत उद्या संपते. उद्याही जागेवर दिसला नाही, तर कायम करायचं नाव काढू नका. माझा कारखाना आहे, धर्मशाळा नाही."

त्या दिवशी चहानंतर लांबू उठला, तशी अक्काही उठली. पदर खोचला आणि लपतछपत निघाली; म्हणजे तिला तसं वाटलं. तिचं वजन पाहता सगळ्या कारखान्याला कळलं.

लांबू विडी ओढत नव्हता. बाहेर मागच्या भिंतीला खांदा टेकून उभा होता आणि खिडकीतून आत बघत होता. आत झाडणाऱ्या मावशी कापडाच्या चिंध्या गोळा करत होत्या. त्या बादली घेऊन बाहेर पडल्या, तसा लांबू आत निघाला आणि थेट अक्कावर आदळला.

"काय हो, हे काय चाललंय?"

"काही नाही अक्का. झाडू आला होता."

"मग?"

"मग उठायचं. मावशी 'उठा' म्हणतात ना. रस्त्यावरच्या बाकावर झोपायचो तेव्हा झाडूवाले आले आणि नाही उठलं, तर आधी पाणी ओतायचे, मग काठी."

"अहो, मावशी कचरा काढायला येतात, माणसं नाही!"

"ते मलाही माहीत आहे," लांबू ओशाळून म्हणाला. "पण पायांना कोण सांगणार? ते आधीच चालायला लागतात."

अक्का तडक मावशींकडे गेली. "उद्यापासून 'उठा' म्हणायचं नाही. 'पाय वर घ्या' म्हणायचं."

"म्हणेन की. पण कोपऱ्यात कचरा राहिला तर माझ्या नावाने बोंब मारू नका."

दुसऱ्या दिवशी चहानंतर मालक स्वतः येऊन एका अर्धवट सोफ्यावर बसले. मावशी झाडू घेऊन आत आल्या. लांबूने सुई खोचली. गुडघे हलले. अक्काने त्याच्याकडे बघायचं टाळलं आणि दोऱ्याशी उगाच झटापट केली.

"पाय वर घ्या हो सगळ्यांनी!"

सुताराने घेतले. कापड कापणाऱ्याने घेतले. अक्काने कण्हत घेतले. मावशी मालकांसमोर येऊन थांबल्या. "तुम्हाला वेगळं सांगायचं का?" मालकांनीही घेतले.

लांबू अर्धा उठलेला, तसाच अडकला. बाहेर जायचं म्हणावं तर कोणीच जात नव्हतं. त्याने एकेकाकडे पाहिलं आणि हळूच परत स्टुलावर बसला. लांबलचक पाय उचलताना गुडघे पार हनुवटीला टेकले. खालून झाडू सरसर निघून गेला. मावशींनी वर पाहिलंसुद्धा नाही.

त्या बादली उचलून दाराबाहेर गेल्या. सगळ्यांचे पाय खाली आले. लांबूचे तसेच.

"ठेवा हो खाली," अक्का म्हणाली. "हातातली ती खुर्ची पुरी करा, संध्याकाळी गिऱ्हाईक न्यायला येणार आहे."

मालक धूळ झटकत उठले. "अक्का, याला सोमवारपासून कायम करा. आणि स्टूल जरा उंच द्या."