पुढच्याची हाक

घाट चढायला दम लागतो, उतरायला अक्कल, असं गफ्फार मिस्त्री पोराला, आसिफला, नेहमी सांगायचा. पोरगा गेला तो उतारावरच. राजूर घाट संपता संपता, पायथ्याच्या गावाजवळच्या बुटक्या पुलाच्या कठड्यावर आदळून. मग गफ्फारनं मनाशी ठरवूनच टाकलं, की पोरांनी शर्यत लावली होती, आणि लावायला सांगणारा पोराचा दोस्त प्रसेनजितच.

धामणगाव बढे गावात गफ्फारचं सायकल-मोटारसायकल दुरुस्तीचं दुकान. आसिफला रेसची सायकल त्यानंच खामगावहून जुनी आणून दिली होती, अस्मानी रंग फवारून नव्यासारखी केली होती. गावानं थट्टा केली, "मिस्त्री, या काडीवानी चाकाले आपले रस्ते खाऊन टाकतीन." आसिफ हसायचा. दर रविवारी तो आणि त्याचा जिवाभावाचा दोस्त प्रसेनजित मोताळ्यावरून घाट चढून बुलडाण्याला जात आणि दिवेलागणीला परत येत.

त्यांचा एक नियम होता. पुढचा वारा कापणार, मागचा त्याच्या चाकाला चाक लावून, मान खाली घालून येणार. मागच्याला पुढचा रस्ता दिसतच नाही. म्हणून पुढच्यानं ओरडायचं: "खड्डा!" "गुरं!" "मका!" आणि काही नसलं तर "साफ!" मागच्यानं त्या हाकेवर डोळे मिटून पायडल मारायचं.

आता मका कशाला ओरडायचा, असं आमच्याकडचा माणूस विचारणार नाही. खळं सारवायला कोणाला वेळ आहे? अर्धा डांबरी रस्ता हेच खळं. त्यावर मका वाळत घालायचा आणि गाडी वर चढू नये म्हणून भोवती दगडांची रांग मांडायची. रस्ता सरकारचा, अंगण आमचं. वाहनवालेही मुकाट बाजूनं जातात.

त्या रविवारी जाताना मका पसरलेला होता. येताना उचललेला होता. प्रसेनजित पुढं होता. तो "साफ!" ओरडून निघून गेला आणि मागं धाडकन आवाज झाला. तो वळून येईपर्यंत आसिफ पुलाखाली पडला होता. अंधार, धावपळ, गाडीची शोधाशोध. रस्त्याकडं कोण बघतो?

"चाचा, रस्ता साफ होता," प्रसेनजित रडत सांगत राहिला. "मी साफ म्हनलो अन् तो साफच होता. कसा पडला, मले खरंच नाई माहीत."

दुसऱ्या दिवशी सकाळी पंचनामा झाला, तेव्हा तिथं पुन्हा मका पसरलेला होता. गफ्फार स्वतः त्या दगडांवरून पाय टाकून पुलाकडं गेला होता. पोलिसांनी अतिवेग लिहिला, आणि गफ्फारलाही तेच पटलं. साफ रस्त्यावर पोरगा आपोआप मरतो होय? कबरस्तानाच्या फाटकाशी त्यानं सगळ्यांदेखत प्रसेनजितची कॉलर धरली. "शर्यत लावून मारलं तू माह्या पोराले. पुन्हा तोंड दाखवू नको मले."

दोस्ताला माती द्यायला आलेला पोरगा फाटकातूनच परत गेला. त्यानं सायकल भिंतीला टांगली, कॉलेज सोडलं, जेवणही जवळजवळ सोडलं. त्याची आई दुकानाशी यायची आणि आत न येताच माघारी फिरायची. गफ्फारनं बघून न बघितल्यासारखं केलं. दुःखानं माणूस मऊ होतो म्हणतात, पण गफ्फार दगड झाला होता.

पोराचा चाळिसावा दिवस जवळ आला तसं त्याला राहवेना. एका संध्याकाळी तो मोटारसायकल काढून पुलाशी जाऊन बसला. सरस्वतीबाई नावाची म्हातारी सुनेसोबत मका पोत्यात भरत होती.

"पावनं, त्या कठड्यावर नका बसू," ती म्हणाली. "दिवाळीच्या टायमाले तिथं एक पोरगं गेलं."

"कसं गेलं?"

"जोरात असंन. अंधारात कोनं पाह्यलं?"

पोती भरून झाली. सून ती हातगाडीवर घालून पुढं गेली. दगड होते तिथंच राहिले. काळ्या डांबरावर काळे दगड, भर रस्त्यात.

"आजी, गोटे राह्यले."

"राहू द्या. उद्या पुन्हा लागतीनच. रोज कोन उचलते? मका उचलला ना आमी, रस्ता मोकळा केला." म्हातारी कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "जागचे हालत नाईत ते. एकडाव मात्र तो कोपऱ्यावरचा पार नालीत जाऊन पडला होता. एवढा जड गोटा, कोनं फेकला कोन जाने. म्या अन् सुनेनं लोटत आनला."

"कधी?"

"ते पोरगं गेलं ना, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी."

ती सहज बोलली. त्या दोन गोष्टी तिच्या मनात एकमेकींजवळ आल्याच नव्हत्या. ती गेल्यावर गफ्फार कोपऱ्यावरच्या दगडाशी बसला. मोबाइलच्या उजेडात दगडाच्या कडेला आसिफच्या सायकलच्या अस्मानी रंगाचा ओरखडा दिसला. तो तिथंच ओक्साबोक्शी रडला.

शर्यत नव्हती. प्रसेनजित खोटं बोलला नव्हता. आत्ताच्या आत्ता जाऊन त्याचे पाय धरावेत म्हणून गफ्फारनं गाडीला किक मारली. पण मोताळा आला आणि त्यानं गाडी कडेला घेतली. सांगायचं काय? रस्ता साफ नव्हता, हे? प्रसेनजित नशिबानं दगडांच्या बाजूनं निघाला होता, आणि मागच्याला "साफ!" म्हणून गेला होता. रस्ता साफ होता, एवढ्या एका गोष्टीला धरून तो पोरगा अजून जिवंत होता. तीच काढून घेतली तर तो काय करून बसेल, याचा भरवसा नव्हता.

प्रसेनजित अंगणात बाजेवर बसला होता. गफ्फारला बघून तो धडपडत उभा राहिला.

"बाबू, ब्रेकची तार," गफ्फार म्हणाला. "आज सायकल खोलली. पुढच्या ब्रेकची तार तुटली होती. जुनी होती, म्याच टाकली होती. तुह्यी काईच चूक नाई."

प्रसेनजितचा चेहरा वाकडा झाला. "जुनी तार काऊन टाकली? अन् खुनी मले म्हनलं? साऱ्या गावासमोर?"

"हो."

"तुमी मारलं त्याले!"

"हो, बाबू."

प्रसेनजितनं त्याला ढकललं. गफ्फार पडला, उठला, धूळ न झटकता निघून आला. मागं पोरगा आईच्या गळ्यात पडून मोठ्यानं रडत होता. गफ्फारला ते रडणं ऐकून बरं वाटलं.

गोष्ट गावभर झाली. दुकानातली गिऱ्हाइकं तुटली. ज्यानं पोटच्या पोराला जुनी तार घातली, त्याच्या हाती गाडी कोण देणार? बायकोनं, शाहजादीनं, एकदाच विचारलं, जुनी का टाकली. तार तर नवीच होती. तिला खरं सांगितलं असतं तर ती म्हातारीच्या दारात गेली असती, आणि तिथून प्रसेनजितपर्यंत गोष्ट जायला वेळ लागला नसता. तेव्हापासून ती ताट वाढते आणि उठून जाते.

रोज संध्याकाळी गफ्फार पुलाशी जातो. मका उचलला गेला की दगड एकेक करून रस्त्याखाली नेऊन ठेवतो. सकाळी ते पुन्हा वर आलेले असतात. "येडा झाला बुढा," म्हणत सरस्वतीबाई आधी भांडली, मग तिनं नाद सोडला. पापानं त्याचं डोकं फिरलं, असं गावात म्हणतात.

हंगाम संपता संपता एका रविवारी घाटावरून सायकली येताना दिसल्या. पुढं प्रसेनजित, त्याच्या चाकाला चाक लावून दोन नवी पोरं, माना खाली. गफ्फारच्या हातात कोपऱ्यावरचा गोटा होता, शेवटचा. तो चटकन कडेला सरला. प्रसेनजितनं त्याला ओळखलं आणि तोंड फिरवलं. मग समोरचा रस्ता नीट बघून तो मागच्यांसाठी ओरडला,

"साफ!"

पोरं सूं करून निघून गेली. मोताळ्याकडं ती दिसेनाशी होईपर्यंत गफ्फारनं तो गोटा पोटाशी धरून ठेवला होता.