डाव्या चाकाचा दोरा

शाळा उघडायच्या आदल्या दिवशी, रविवारी भर दुपारी, आम्ही तिघंही नळदुर्गला माणिकप्पांच्या गॅरेजवर होतो. रणधीर व्हॅनखाली, मी स्टुलावर आणि शिवांजली माझ्या मांडीवर.

रणधीर, माझा नवरा, आमच्या गावातली आठ मुलं व्हॅननं शाळेत नेतो-आणतो. उद्यापासून त्यांत नववी आमची शिवांजली, यंदा पहिलीत जाणारी. महिनाभर मी त्याला एकच सांगत होते, की वळताना डावीकडून टक्‌ असा आवाज येतो. "तुला तर भिंतीतनंबी आवाज येतेत," असं म्हणून तो जेवायला बसायचा. शेवटी शनिवारी मी ताट वाढायच्या आधीच सांगून टाकलं, "हा आवाज गेल्याशिवाय माझी पोरगी ह्या गाडीत बसणार नाही. आणि बाकीच्या आयांनी कारण विचारलं, तर मी खरं तेच सांगणार."

माणिकप्पांनी गाडी जॅकवर घेतली आणि चाक दोन्ही हातांनी धरून डावं-उजवं हलवलं. टक्‌. टक्‌.

"ऐकलास का रणधीर? सूनबाईचे कान साबूत हायेत. तूच कापूस घालून फिरायलास."

चाक निघालं. स्टिअरिंगचा दांडा चाकाच्या आधाराला जिथं जोडलेला असतो, तिथला गोळीचा सांधा पार झिजला होता. आप्पा त्याला नुसतं 'एंड' म्हणत होते. नवा एंड त्यांच्याकडं होता, पण जुना निघायला हवा. नट सैल झाला, पुढं काहीच हलेना. रणधीरनं घाईघाईत बोल्टावर चार घाव घातले.

"थांब, थांब! माथा चेपलास त्याचा. आता तर आणखीनच बसला." आप्पांनी हातोडा काढून घेतला. "गॅसनं तापवून काढावा, तर गॅसवाला जत्रंला गेलाय. मंगळवारी येतो."

"मंगळवारी? मग उद्या पोरं?" रणधीरनं विचारलं.

"शिवानंद हाय की."

शिवानंद म्हणजे गावातला दुसरा व्हॅनवाला. रणधीरनं तोंड फिरवलं. शिवांजलीनं माझी हनुवटी धरून विचारलं, "आई, मी पण शिवानंदकाकाच्या गाडीत?" मी म्हटलं, "बघू." पण त्या गाडीत आधीच चौदा मुलं बसतात, हे मी मोजलेलं होतं.

आप्पा परत खाली गेले आणि बॅटरी मारून म्हणाले, "यव्वा! हितं तर उंदरानं घरटं केलंय." त्यांनी स्क्रू ड्रायव्हरनं ओढून एक काळा गोळा बाहेर काढला. चिखलानं, ग्रीसनं थापलेला दोराच दोरा. आत एक बिब्बा. मग दुसरा. तिसरा.

रणधीर गाडीला लिंबू-मिरची बांधत नाही. लिंबू सरबतात घालावं म्हणतो. पण तो गोळा बघितल्यावर त्याचा चेहरा उतरला.

"करणी," तो हळूच म्हणाला. "हे शिवानंदचंच काम. माझ्या पोरांवर डोळा हाय त्याचा." आणि त्यानं खिशातून फोन काढला.

गेल्या जूनमध्ये रणधीरनं शाळेचं काम धरलं, तेव्हापासून दर अमावास्येला मी तो दोरा बांधत होते. पुढं काचेपाशी बांधावा, तर सगळे हसतील, बी.एस्सी. झालेली सून आणि हे उद्योग! म्हणून चाकामागं हात घालून, कुणाला दिसणार नाही असा. जुना दोरा आपल्या हातानं सोडायचा नसतो, तो आपोआप गळून पडू द्यायचा, असं माझ्या आईनं सांगितलेलं. तो गळलाच नाही. मी त्यावरच नवा बांधत गेले.

रणधीरनं फोन कानाला लावला.

"अहो, ठेवा तो फोन. दोरा माझा आहे."

फोनमधून शिवानंदचं "हां, बोल रणधीर" ऐकू आलं. "काय न्हाय, चुकून लागला," म्हणून रणधीरनं तो बंद केला. मग माझ्याकडं बघत नुसतं म्हणाला, "बी.एस्सी.!"

"आई, तू करणी केलीस?" शिवांजलीनं विचारलं, आणि आप्पा खोकला येईपर्यंत हसले.

हसून झाल्यावर त्यांनी मला जवळ बोलावून सांध्यावरची फाटकी रबरी टोपी दाखवली. "ह्या टोपीनं आतलं ग्रीस आत ऱ्हातं, पाणी भाईर. दोऱ्यानं हिचा गळा कापला. रणधीर रोज पाइपानं गाडी धुतो. दोरा ओला तो ओलाच." गंजाला पाणी आणि हवा लागते, हे मी परीक्षेत लिहून आले होते. गाडीखाली हात घालताना ते आठवलं नव्हतं.

"आता रडायचं न्हाय. पहार धर."

त्यांनी पहारीचं टोक सांध्यात अडकवलं आणि दुसऱ्या टोकावर मला भार द्यायला लावला. नट दोन आट्यांवर ठेवला. "न्हायतर सुटल्यावर सरळ दातावर यील." बोल्टावर मारायचं नाही, तो ज्यात बसलाय त्या लोखंडावर मारायचं, दोन्ही बाजूंनी, एकाच वेळी. एका बाजूला आप्पा, दुसऱ्या बाजूला रणधीर. पण दोघांचे घाव मागंपुढं पडू लागले.

"मी मोजू?" शिवांजली लांब टायरांच्या थप्पीवर बसली होती.

"मोज, बाई. तीनला आमी मारतो."

"एक, दोन, तीन!" काही नाही. "एक, दोन, तीन!" माझे तळहात भाजायला लागले. रणधीर म्हणाला, "सोडू नगंस, मी हाय." पाचव्या की सहाव्या तीनला ठण्‌ असा आवाज आला आणि पहारीसकट मी खाली बसले. सांधा सुटला होता. शिवांजली टाळ्या पिटत होती, जणू तिनंच काढला.

नवा एंड बसवून, चाक चढवून, दोन्ही चाकं सरळ करून आप्पा बाजूला झाले. "आता तू बघ. दर रविवारी असंच बघायचं. अमावास्येची वाट बघू नगंस."

मी चाक धरून हलवलं. डावं, उजवं. हाताला काहीच लागलं नाही. तरी तीनदा बघितलं. रणधीर थांबला. मगच त्यानं जॅक उतरवला.

सोमवारी सकाळी शिवांजली मधल्या सीटवर, दोन मुलांच्या मध्ये बसली. मी आतल्या आरशाला दोरा बांधला, सगळ्यांसमोर. रणधीर म्हणाला, "बिब्बा राहिला की." मी म्हटलं, "चला, उशीर होतोय." व्हॅन चावडीपाशी डावीकडं वळली. मी पदर कानामागं सारून उभी होते. मुलांचा दंगा ऐकू आला, हॉर्न ऐकू आला. तेवढंच.