लोट्याने धरलेली सुरी

त्या सकाळी गोंदिया जिल्ह्यातल्या गोरेगावजवळचं आमचं अर्धं गाव भुपेंद्रच्या अंगणात जमलं होतं. भूत उतरवायला बोलावलेल्या मुन्नालाल महाराजांनी आतल्या खोलीतून तांदळाने भरलेला, निमुळत्या गळ्याचा लोटा आणला. त्यात सुरी चार-पाचदा खुपसली, मूठ धरून वर उचलली आणि सुरीसोबत अख्खा लोटा वर आला! बायांनी हात जोडले.

"देखा? चुडैल ने छुरी पकडी है! जब तक छोडती नहीं, मार पडेगी!"

चुडैल म्हणजे भुपेंद्रची बायको दुर्गेश्वरी, दीड महिन्याची बाळंतीण. बाळंतपणानंतर तिची झोप उडाली होती, कानात आवाज येत होते, लेकीला ती जवळ घेत नव्हती. दवाखान्यात न्यावं तर लोक वेडीचं घर म्हणतील, याची भुपेंद्रला लाज वाटली. भुताची मात्र लाज वाटली नाही.

महाराजांनी सायकलची साखळी उचलली. पहिला फटका पाठीवर, दुसरा तोंडावर. तिसऱ्याला तिने हात आडवा धरला आणि दोन बोटं मोडल्याचा आवाज मी ऐकला. मी इथला मास्तर, पोरांना विज्ञान शिकवतो, आणि तोवर कुंपणाला टेकून गप्प उभा होतो. आजही मला माझी शिसारी येते.

"बाबूजी, त्यानं लोटा आपटला," दुर्गेश्वरी रक्त थुंकत आपल्या बापाला, बकारामला म्हणाली. "खोलीत ठोकून ठोकून भरला. मी पाहून राहिली होती."

"चुडैल बोलती है! जबान दागनी पडेगी!" महाराजांनी चुलीत तापत ठेवलेला विळा मागवला. भुपेंद्रने तिचे हात धरले.

आता माझं डोकं फिरलं. बकाराम तीस वर्षं राइस मिलमध्ये हमाली करतो. मी ओरडलो, "बकारामभाऊ, पोत्यात तांदूळ जास्त मावावा म्हणून काय करता?"

"आपटतो, गुरुजी. दाणा दाण्यात बसते. मंग बोट बी नाही जात..."

म्हातारा थबकला. पुढे होऊन त्याने लोटा हिसकावला, रिकामा केला, तांदूळ सैल भरला आणि सुरी तशीच खुपसली. "आता उचल, महाराज!"

महाराज हलेनात. मीच उचलली. सुरी एकटीच वर आली.

मग बकारामने लोटा दगडावर आपटून गच्च भरला, सुरी चार-पाचदा खुपसली आणि उचलली. लोटा लटकला. "पाह्य, भुपेंद्र! आता भूत कोनाच्या अंगात हाय? माह्या? काऊन मारलं माह्या पोरीले?"

गाव पेटलं. मघाशी हात जोडणाऱ्यांनीच साखळी घेऊन महाराजांना झोडपायला सुरुवात केली. तो आवाज ऐकून दुर्गेश्वरी कान दाबून किंचाळली, "मारू नका! मी नाही बोलत आता!"

तेव्हा कुठे हात थांबले. महाराजांना पोलिसांनी नेलं. दुर्गेश्वरीला आम्ही गोंदियाला मनोविकाराच्या डॉक्टरांकडे नेलं.

चार महिन्यांत ती सावरली. आता लेकीला मांडीवर घेऊन दारात बसते. तरी अजून कुणी म्हणतंच, "महाराजाच्या मारानं भूत पळालं."

माराने तिची दोन बोटं कायमची वाकडी झाली, एवढंच. बरी ती गोळ्यांनी झाली. पोट बिघडतं तसं मनही बिघडतं, त्यात लाज कसली? घरात कुणाची झोप उडाली, कुणाला आवाज ऐकू आले, तर त्याला बसमध्ये बसवा आणि डॉक्टरकडे न्या. आणि तो काही सांगत असेल तर ऐका. त्या अंगणात आम्ही शंभर शहाणे होतो, आणि खरं एकटी दुर्गेश्वरी बोलत होती.