लोटन बसला नाही

खोटं बोलत असेन तर माझ्या तोंडात वांग्याचं देठ! नवलआबाच्या मळ्यात भरिताची पंगत होती, आणि माझा पुतण्या लोटन असा ताठ उभा, की एक बगळा त्याला खांब समजून डोक्यावर बसून गेला.

कापसाच्या काड्यांवर वांगी भाजलेली. मिरच्या अशा, की नुसत्या धुरानं आबाच्या म्हशी शिंकत होत्या. बठ्ठे, अगदी झाडून सगळे, मांडी घालून बसले. लोटन तेवढा पत्रावळ हातात धरून उभा.

"बठ ना रे!" आबा म्हणाले.

"नही आबा, आठे उभाच बरा शे."

"मन्हा मळाम्हा बठाले लाज वाटस का तुले?" आबांचा आवाज चढला.

लोटननं नुसता पाय बदलला. तेवढ्यात त्याचा लंगोटीयार बन्सीलाल, ज्यानं कोणाला न सांगायची शपथ खाल्लेली, तो घास चावतच खदखदला. "त्याले मूळव्याध शे, आबा! परसाकडे गया का रगत पडस. कोंब भाईर येस, तो बोट लाईसन आत ढकलस!"

पंगत हसून लोळली. लोटननं पत्रावळ खाली ठेवली. भरीत ठेचणारी त्याची बायको यशोदाबाई मात्र हसली नाही. तिचा हात तिथंच थांबला.

घरी जाताना तिनं वाटेत विचारलं, "कधीपाईन?"

"बैलपोयापाईन."

"नि मी तुले रोज ठेचा वाढू! तू डोयाम्हा पानी आनीसन 'झ्याक शे' म्हने!"

"लाज वाटे वं."

"बन्सीलालले सांगताना नही वाटनी?"

दुसऱ्या दिवशी तिनं त्याला जळगावला डॉक्टरकडे ओढतच नेलं. डॉक्टरांनी तपासलं, म्हणाले, "मूळव्याधच आहे. कुंथून कुंथून तिथल्या शिरा फुगतात. खाज येते, लाल रक्त पडतं, आधी दुखतही नाही. कोंब बाहेर येऊन सुजला की मग बसवत नाही. पण रक्त दिसलं की मूळव्याधच, असं घरी ठरवू नका. मोठ्या आजारातही रक्त पडतं. लगेच दाखवायचं." औषध दिलं. पाणी भरपूर, पालेभाजी रोज, कुंथणं बंद.

लोटनला उतार पडला. एक दिवस बन्सीलाल मान खाली घालून ओट्यावर आला. लोटन उसळला, "दगाबाज! निंघ आठेन!"

यशोदाबाई चहाचे दोन कप घेऊन बाहेर आली.

"त्यानी दगा दिधा, खरं शे. पन तो बोलना म्हनीसन मले समजनं. तू मन्हा शेजारे झोपस, रगत पडे, नि मलेच परकी समजना. मंग मोठा दगाबाज कोन?"

लोटननं कपासाठी हात पुढं केला. तिनं एक कप बन्सीलालला दिला. दुसरा, लोटनसमोर बसून, स्वतः प्यायली.